आभाळबाईंचा बर्फ

निसर्गाच्या म्युझियममध्ये त्यांना सगळे आभाळबाई म्हणायचे. कामच तसं होतं. काचेमागे पेंढा भरलेले प्राणी उभे असतात ना, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर जंगल, माळ, तळं रंगवायचं आणि वर आभाळ. ही भिंत गोलाकार असते, तिला कोपरा नसतो, त्यामुळे बघणाऱ्याची नजर कुठे अडत नाही आणि चार पावलं खोल पेटीत कोसभर लांबचं दिसतं. आभाळबाईंनी आयुष्यभर हेच केलं. गंमत अशी, की रंगवलेल्यातल्या बहुतेक जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्याच नव्हत्या. फोटो आणि जुनी कॅलेंडरं समोर टांगायची आणि उरलेलं मनाने भरून काढायचं.

बर्फाचा देखावा त्यांनी अगदी नव्या असताना केलेला. पांढरेशुभ्र डोंगर, निळंभोर आभाळ आणि पुढे रानबोकडांची जोडी. लोकांना तो फार आवडायचा. एकीला सोडून. ती त्यांची लेक. चालायला लागल्यापासून ती कपाटावर, कठड्यावर, जिथे नको तिथे चढलेली सापडायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. मोठी झाल्यावर ती हिमनद्या मोजणाऱ्यांच्या तुकडीत लागली, म्हणजे सरकारी पगारावर चढायची सोय झाली, असं तिचे बाबा म्हणायचे. पहिल्या मोहिमेहून आल्या आल्या ती आईच्या देखाव्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुझा बर्फ साबणाच्या फेसासारखा दिसतो गं."

आभाळबाई हसल्या खऱ्या, पण ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं.

पुढे म्युझियमचं छत गळायला लागलं, बर्फाच्या देखाव्याची भिंत पोपडे धरून फुगली आणि संचालकांनी तो पाडून नव्याने करायचं ठरवलं. मुंगीने ही बातमी ऐकली आणि आईच्या मागेच लागली. या खेपेला फोटो बघून करायचं नाही, माझ्याबरोबर चल आणि एकदा बघ. आभाळबाईंनी गुडघे पुढे केले, घर पुढे केलं, नवऱ्याच्या जेवणाचं काय तेही विचारून पाहिलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, स्वभावाने गरीब माणूस. तो म्हणाला, "माझ्या जेवणाचं मी बघतो. तू तुझ्या डोळ्यांचं बघ." एवढं बोलून त्याने स्वतःचे दोन्ही स्वेटर बायकोच्या बॅगेत कोंबले.

तर आभाळबाई गेल्या. गाडी संपली तिथून खेचरावर, खेचर थांबलं तिथून पायी, असं करत हिमनदीच्या तोंडाशी पोचल्या. आणि तिथे काय, तर दगडगोटे, चिखल, राखाडी मातीचे ढीग. कुणीतरी डोंगर पाडून त्याचा राडारोडा तिथे आणून ओतल्यासारखं. त्यांनी दम खात विचारलं, की बर्फ कुठे आहे. मुंगी म्हणाली, "तू उभी आहेस त्याच्यावरच."

खरंच होतं. हातभर दगड बाजूला सारले की खाली बर्फ लागत होता, जुना, काळपट, काचेसारखा टणक. आणि तो गप्प नव्हता. दिवसभर त्याच्या पोटातून आवाज यायचे. कधी जुनं दार करकरल्यासारखे, कधी खाली कुणी जड पेटारा सरकवल्यासारखे. आभाळबाईंना वाटलं होतं बर्फ म्हणजे शांतता. हा तर सारखा कूस बदलत होता. वरच्या अंगाला मात्र दगड विरळ होत जायचे आणि बर्फात भेगा उघडायच्या. त्या भेगांत त्यांनी तो रंग पाहिला. वरच्या कडेला दुधी, जरा खाली हिरवट, मग निळा, मग इतका गडद निळा की त्याला निळा म्हणावं की काळा ते कळू नये.

मुंगीचं काम त्याच भागात. बर्फात गिरमिटाने भोकं पाडून खांब रोवायचे आणि बर्फ किती उतरला, किती सरकला ते बघायचं. कमरेला दोरी बांधून ही माणसं एकामागोमाग चालत. एका भेगेवरून मुंगीने पाय टाकला, सहज, घरातला उंबरा ओलांडावा तसा. लांब दगडावर चित्राची वही घेऊन बसलेल्या आभाळबाईंचा जीव खालीवर झाला. त्यांनी मान वळवली आणि मुकाट्याने कोल्ह्याच्या पावलांचे ठसे काढत बसल्या. जलरंग ब्रशवर गोठत होते, बोटं लाकडासारखी झाली होती. त्या भेगेचं चित्र मात्र त्यांनी तिथे असेपर्यंत एकदाही काढलं नाही.

त्या परत आल्या. मुंगी हंगाम संपेपर्यंत तिथेच राहणार होती.

घरी आल्यापासून आभाळबाईंना एका जागी बसवेना. चहा करायच्या आणि ओट्यावर विसरायच्या. कपाट आवरायला काढायच्या, अर्ध्यात सोडून खिडकीच्या काचा पुसायला लागायच्या. बैठकीतली टेबलखुर्ची त्यांनी इकडची तिकडे केली आणि पुन्हा तिकडची इकडे केली. नवरा दुकानातून येऊन अंदाजाने बसायला गेला आणि जमिनीवर आपटायचा तेवढा राहिला. त्याने विचारलं, की हिमनदी आपल्या घरात शिरली आहे का, म्हणजे रोज थोडं थोडं सामान सरकतंय म्हणून विचारलं. त्या हसल्या नाहीत.

म्युझियममध्येही तीच तऱ्हा. जुनी भिंत खरवडून झाली, नवं प्लास्टर वाळलं, त्यावर पांढरा हात मारून झाला. आभाळबाई परांचीवर चढल्या आणि हात आपोआप चालायला लागला. दुपारपर्यंत डोंगर उभे राहिले. खाली उतरून पाहतात तर तोच साबणाचा फेस. त्यांनी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाताला इतक्या वर्षांची सवय, तो डोळ्यांचं ऐकायलाच तयार नव्हता.

शेवटी त्यांनी डोंगरांचा नाद सोडला आणि खालून सुरुवात केली, दगडांपासून. एकेक दगड, त्याखालचा ओला चिखल, चिखलातून डोकावणारा काळपट बर्फ. ते मात्र जमायला लागलं. प्राण्यांची कातडी भरणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे पेंढाकाका म्हणत, जरी पेंढा वापरून त्यांना जमाना झाला होता. ते रोज येऊन बोकडांनी उभं कुठे राहायचं ते विचारत. आभाळबाई रोज वेगळी जागा सांगत. पेंढाकाका म्हणाले, "बाई, जिवंतपणी या बोकडांनी एवढी पायपीट केली नसेल."

अडत होतं ते एकाच ठिकाणी. मधोमध भेग यायला हवी होती. तिच्याशिवाय चित्र नुसता दगडांचा ढीग होता. आभाळबाई भेगेची कड आखायच्या, दुधी रंग भरायच्या, हिरव्यापर्यंत यायच्या आणि त्याच्या खाली हात जायचाच नाही. डोळ्यांपुढे दोरी बांधलेली मुंगी यायची. त्या वरचेवर रंगवून सोडून द्यायच्या, मग ती भेग बर्फावर कुणी निळी ओढणी वाळत घातल्यासारखी दिसायची. पुसायची, पुन्हा काढायची. प्लास्टरचा तेवढा भाग पुसून पुसून गुळगुळीत झाला.

मुंगीचा फोन यायचा, पण तळावरून खाली वस्तीत उतरली की मगच. आधी ती भरभरून बोलायची. आज ऊन कसं होतं, स्वयंपाक्याने काय करपवलं, कोण घोरतं. हंगामाच्या अखेरीला मात्र तिचं बोलणं आखूड झालं. बोकडांना जागा मिळाली का, एवढं विचारायची आणि ठेवते म्हणायची. आभाळबाईंनी एकदा सरळ विचारलं, काही झालंय का. काही नाही गं, इथे रेंज नाही, म्हणाली. आणि वर हसली. ते हसू जरा जास्तच लांबलं.

फोन ठेवून आभाळबाई नवऱ्याला म्हणाल्या, की पोरीचं काहीतरी बिनसलंय.

"राईचा पर्वत करू नकोस," तो म्हणाला, आणि आपण कुणाला काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच हसला. "म्हणजे तुझा धंदाच तो आहे म्हणा."

"तुम्ही ऐकलंत ना तिचं हसणं?"

त्याने ऐकलं होतं. म्हणून तर तो विनोद करत होता. तो दुकानात गेला आणि त्या दिवशी म्हणे त्याने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला.

त्याच सुमारास संचालक देखावा बघायला आले. माणूस वाईट नव्हता. म्युझियम चालावं, पोरंबाळं यावीत, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं. त्यांनी पेटीत वाकून पाहिलं, मागे सरून पाहिलं आणि चाचरत म्हणाले, की आभाळबाई, हा बर्फ आहे की रस्त्याचं काम निघालंय? लोक बर्फ बघायला येणार, त्यांना थोडं पांढरं तरी दिसायला नको का?

इतक्या वर्षांत आभाळबाईंनी वर तोंड करून कधी उत्तर दिलं नव्हतं. हरणं डावीकडे हवीत म्हटलं तर डावीकडे, संध्याकाळ नको सकाळ करा म्हटलं तर सकाळ. त्या दिवशी त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"पांढरं लांब आहे, ते लांबच राहील. वरचं शिखर मी पांढरं करते. जवळचं जसं आहे तसं."

"अहो, पण लोकांना..."

"लोकांना आधीचं पंचवीसेक वर्षं खोटं दाखवलंय मी. आता मला तसं करता येत नाही हो. हात वळत नाही."

संचालकांनी विचारलं, की निदान उद्घाटनापर्यंत होईल ना. होईल, म्हणाल्या. ते गेले. त्या परांचीच्या फळीवर बसल्या. समोर पुसून गुळगुळीत झालेली ती जागा होती, आणि कानात पोरीचं लांबलेलं हसू होतं. मग त्या उठल्या आणि रंग कालवायला घेतले.

त्या दिवशी त्या जेवायला उतरल्याच नाहीत. दुधीवर हिरवटाचा पातळ हात, तो वाळला की निळ्याचा, मग त्याहून गडद, एकावर एक. मुंगी डोळ्यांपुढे आली. येऊ दिली. एक रेघ वाकडी गेली, तीही तशीच ठेवली. खाली खाली जात राहिल्या. पेंढाकाका मध्ये येऊन गेले, एकदा हाक मारली, उत्तर आलं नाही तेव्हा चहाचा कप फळीवर ठेवून पाय न वाजवता निघून गेले. उजेड कमी झाला तेव्हा कुठे आभाळबाई थांबल्या. भेग अंधारात उतरून गेली होती. तिला तळ नव्हता.

पण एवढ्यानेही त्यांचं समाधान होईना. भेग भिंतीवर सुरू होऊन भिंतीवरच संपत होती, म्हणजे बघणारा अजून सुखरूप होता. त्यांनी सुताराला बोलावलं आणि पेटीची लाकडी जमीन कापून भेग भिंतीतून बाहेर, पार काचेपर्यंत आणवली. कडेला काचेसारखं घट्ट होणाऱ्या रेझिनचा बर्फ ओतला, आतल्या बाजू रंगवल्या. पेंढाकाकांनी कपाळाला हात लावला आणि बोकडांना शेवटचं हलवलं. एक अलीकडे, एक पलीकडे. अलीकडच्याचा पुढचा पाय जरासा उचललेला.

मुंगी आली. उन्हाने काळवंडलेली, केस कापलेले, गालफडं वर आलेली. आल्या आल्या ती पोटभर जेवली आणि झोपली, सगळ्यांना वाटलं ठीक आहे. पण आभाळबाई बघत होत्या. मोरीतली फरशी ओली असली की मुंगी आधी पायाचं बोट टेकवायची, मग पाऊल, मग अंगाचा भार. जिन्यावर कठडा धरायची. जी पोर कठड्यावर बसून घसरत यायची, ती कठडा धरून उतरत होती. आणि तिलाही एका जागी बसवत नव्हतं. मायलेकी दिवसभर घरात एकमेकींना चुकवत फिरत होत्या, आणि नवरा बिचारा आपले पाय आखडून खुर्चीत बसून होता.

दोन-चार दिवसांनी आभाळबाई तिला म्युझियममध्ये घेऊन गेल्या. काच अजून बसवायची होती. पेटीत शिरायला समोर लाकडी पायरी होती. दिव्यांची जोडणी करणारे जेवायला गेले होते, दालनात कुणी नव्हतं. आभाळबाई आधी वर चढल्या आणि त्यांनी दिवा लावला. मागे वळून पाहतात तर मुंगी पायरीच्या बरीच अलीकडे थांबलेली.

"ये ना वर. दगड बघ, चिखल बघ. आता साबण म्हणालीस तर बघ हं."

मुंगी हलली नाही. ती दगडांकडे बघतच नव्हती. खाली, भेगेत बघत होती. तिने विचारलं, "आई, तळ का नाही काढलास?"

"मला दिसलाच नाही."

"मलाही नाही दिसला," मुंगी म्हणाली.

आभाळबाईंना आधी अर्थ लागला नाही. मग लागला, आणि त्यांनी बोकडाच्या पाठीचा आधार घेतला. मुंगी तिथे दालनातच फरशीवर बसली आणि सांगायला लागली. शेवटचे खांब रोवून परतत होते. वरून ताजा बर्फ भुरभुरला होता, त्याखाली भेग होती आणि ती कुणाला कळली नाही. पाय टाकला आणि खालचं सगळं गेलं. दोरी ताणली गेली तसा कमरेला हिसका बसला, डोकं भिंतीवर आपटलं आणि ती लटकत राहिली. वर निळी फट, खाली काहीच नाही. वरचे लोक ओरडत होते, पण आत ऐकू येत होता तो फक्त बर्फाचा आवाज. किती वेळ ते तिला सांगता येईना. ओढून काढलं तेव्हा ती हसत होती म्हणे, थांबताच येत नव्हतं.

"तेच हसू फोनवर होतं," आभाळबाई म्हणाल्या.

"तुला कळलं होतं?"

"काय झालंय ते कळलं नव्हतं. काहीतरी झालंय हे कळलं होतं."

त्या खाली उतरल्या आणि लेकीशेजारी फरशीवर बसल्या. जवळ घ्यावं की एक ठेवून द्यावी, दोन्ही मनात आलं. त्यांनी तिचा हात धरला. हातावर दोरीने सोललेल्या कातडीचा वण होता, तो त्यांनी आत्ता पाहिला. मुंगी म्हणाली, बाबांना सांगू नकोस. आभाळबाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तू सांगणार आहेस."

तिने जेवताना सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. पोरीने रागावण्याची वाट पाहिली. त्यांनी एवढंच विचारलं, "दोरी कुणी धरली होती?"

मुंगीने सांगितलं, की तुकडीचे प्रमुख आणि त्यांच्या मागचे दोघं. बाबांनी प्रमुखांचा फोन लावायला लावला. पलीकडून आवाज आला. मी मुंगीचा बाबा बोलतोय, म्हणाले. प्रमुखांना मुंगी कोण ते माहीत नव्हतं, त्यामुळे बराच गोंधळ झाला. शेवटी बाबा म्हणाले, "तुम्हा तिघांना डोळ्यांचं काही लागलं तर माझं दुकान आहे. कधीही या," आणि फोन लेकीच्या हातात देऊन ते मोरीत जाऊन उगाच हात धूत राहिले.

काच बसली आणि दालन उघडलं. लोक यायचे, आधी गोंधळायचे. हा कसला बर्फ, असं म्हणणारे होते, तक्रार करून गेलेलेही होते, आणि संचालकांनी शेजारी एक पाटी लावून हिमनदी अशीच दिसते असा खुलासा करून टाकला. पण लोक थांबायचे. भेगेपाशी आले की नकळत एक पाऊल मागे घ्यायचे. संचालक ते लांबून बघायचे.

मुंगीचं पुढच्या हंगामाचं ठरत नव्हतं. तुकडीकडून विचारणा झाली होती, तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आईबाबांनी विचारलं नाही. विचारायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. तुकडीच्या इथल्या कचेरीतून दुपारी सुटी मिळाली की मुंगी म्युझियममध्ये यायची. आईला भेटायला नाही, काचेसमोर उभी राहायला. आभाळबाईंनी तोवर शेजारची पेटी घेतली होती. तिथे समुद्रकिनारा करायचा होता, बगळे आणि खेकडे. अर्धवट आभाळाआडून त्यांना लेकीची पाठ दिसायची. पहिल्यांदा ती दालनातल्या खांबापाशी थांबायची. मग काचेच्या जरा जवळ. मग एकदा थेट काचेला पावलं लावून उभी राहिली, जिथे भेग पायाखाली येते त्याच जागी, आणि खाली बघत राहिली. खांदे आधी वर चढले होते, ते हळूहळू खाली आले.

आभाळबाईंना समजायचं ते समजलं. ब्रशवरचा रंग वाळून गेला होता.

ती वळली आणि समुद्राच्या पेटीपाशी आली. म्हणाली, "आई, मी त्यांना हो कळवते."

"कळव."

"तू काही म्हणणार नाहीस?"

"म्हणण्यासारखं पुष्कळ आहे," आभाळबाई म्हणाल्या. "तू जा. तुझी जेवायची सुटी संपत आली."

मुंगी गेली. आभाळबाईंनी नवा रंग घेतला आणि समुद्राची रेघ ओढायला लागल्या. त्यांच्या साऱ्या कामात हीच सगळ्यांत सोपी गोष्ट, पाणी आणि आभाळ यांच्यामधली एक आडवी सरळ रेघ. त्या दिवशी ती काही केल्या सरळ येईना. त्यांनी पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. मग परांचीवरून उतरून त्या खिडकीशी गेल्या आणि लेक रस्ता ओलांडून जाताना बघत उभ्या राहिल्या. मुंगी दोन्ही बाजूंना न बघताच ओलांडत होती.